ईल द फ्रान्स, १७५३: एका जुन्या मोजणीच्या नव्या नोंदी

२० मे २०२५

आजपासून काम सुरू. काम नेमकं काय ते आधी लिहून ठेवतो. मॉरिशस बेटाचा अठराव्या शतकातला नकाशा मराठी अक्षरांत, हातानं, मोठ्या कागदावर काढायचा. आधाराला १७६३ साली पॅरिसमध्ये छापलेला ‘ईल द फ्रान्स’चा नकाशा. तेव्हा बेट फ्रेंचांकडे होतं आणि त्याचं नाव हेच होतं. मोठा स्कॅन मिळालाय, अक्षरं स्वच्छ वाचता येतात.

मागणी आली ती मॉरिशसमधल्या वाक्वा गावात मराठी शिकवणाऱ्या बाईंची. त्यांची माणसं चार-पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडे गेलेली. मुलांना बेटाचा इतिहास फ्रेंच-इंग्रजीत मिळतो, मराठीच्या वर्गात भिंतीवर लावायला काही नाही, असं त्या म्हणाल्या. मी चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून उन्हातान्हात मोजण्या केल्या. निवृत्तीनंतर हात रिकामे होते. हो म्हणायला मला वेळ लागला नाही.

२२ मे

नकाशाच्या शीर्षचौकटीत नाव आहे झाक-निकोला बेलँ यांचं. जुन्या नकाशांच्या बाजारात या कागदाला ‘बेलँचा नकाशा’ म्हणूनच ओळखतात. बेलँ (१७०३–१७७२) फ्रेंच नौदलाच्या नकाशा कचेरीतले मोठे अधिकारी. खलाशांची रोजनिशी, जुने नकाशे, गव्हर्नरांची पत्रं टेबलावर मांडून, एकमेकांशी ताडून ते नकाशे रचत. १७६४ साली त्यांनी पाच खंडांची सागरी नकाशावही काढली, तीत साडेपाचशेहून जास्त नकाशे आहेत. एवढा पसारा एका कचेरीत बसून नीट लावणं सोपं नाही, त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण बेटाचा हा सांगाडा उभा राहिला तो दुसऱ्याच माणसाच्या मोजणीवर. निकोला-लुई द लाकाय. धर्मगुरू व्हायला शिकलेला, म्हणून ‘आबे’ म्हणायचे. वळला मात्र गणित आणि आकाशाकडे. १७५३ च्या एप्रिलमध्ये तो या बेटावर उतरला आणि पुढच्या जानेवारीपर्यंत तिथे होता. सुमारे नऊ महिने. १७६२ च्या मार्चमध्ये, पन्नाशीच्या आत, तो पॅरिसमध्ये वारला. माझ्यासमोरचा कागद छापला गेला तो त्यानंतरच्या वर्षी.

२८ मे, रात्री ११

पाऊस यायच्या आत एकदा दक्षिणेचं आकाश पाहून घ्यायचं होतं. बंदरावर गेलो. समुद्रावर धूसर होतं, तरी ‘मित्र’ आणि ‘मित्रक’ हे दक्षिणेचे दोन ठळक तारे क्षितिजापासून बोटभर वर दिसले.

मित्राच्या अगदी शेजारी कर्कटक म्हणून एक लहानसा तारकासमूह आहे. कर्कटक म्हणजे आपल्या कंपासपेटीतला कंपास. त्याच्या आणि वृश्चिकाच्या मध्ये आहे गुण्या. ही नावं लाकायनं दिलेली. मॉरिशसला जायच्या आधी तो दोन वर्षं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला होता. तिथल्या एका घराच्या अंगणात अर्ध्या इंचाच्या भिंगाची, आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण लावून त्यानं दक्षिणेतल्या जवळजवळ १०,००० ताऱ्यांच्या जागा मोजल्या. चौदा नवे तारकासमूह मांडले. जुन्या खगोलवाल्यांनी आकाशात राजे, राक्षस, पशुपक्षी पाहिले. यानं बसवली दुर्बीण, सूक्ष्मदर्शी, घड्याळ, कंपास, गुण्या आणि दुर्बिणीच्या भिंगातली तारांची जाळी. केपच्या टेबल माउंटनलासुद्धा आकाशात जागा दिली.

आयुष्यभर गुण्या आणि कंपास वापरलेल्या माणसानं वर पाहावं आणि तिथेही तेच दिसावं. बराच वेळ उभा होतो.

४ जून

एककं. हे आधी निपटलं नाही तर पुढे सगळं बिघडेल.

लाकायच्या मोजणीचे आकडे जुन्या फ्रेंच वर्णनांत येतात: बेटाचा घेर ९०,६६८ त्वाज, सर्वांत जास्त लांबी ३१,८९० त्वाज, रुंदी २२,१२४ त्वाज, क्षेत्र ४,३२,६८० आर्पां. एक त्वाज म्हणजे सहा फ्रेंच फूट, १.९४९ मीटर. आर्पां म्हणजे १०० चौरस पेर्श, आणि इथला पेर्श २० फ्रेंच फुटांचा. सगळं कागदावर हातानं सोडवलं:

लांबी ६२.२ किलोमीटर. रुंदी ४३.१ किलोमीटर. घेर १७६.७ किलोमीटर. एक आर्पां ४,२२१ चौरस मीटर, आपल्या मापात साधारण ४१.७ गुंठे. म्हणजे एकरापेक्षा पावणेदोन गुंठे जास्त. सगळं क्षेत्र १,८२६ चौरस किलोमीटर.

आज मुख्य बेटाचं क्षेत्र १,८६५ चौरस किलोमीटर धरतात. फरक दोन टक्क्यांच्या आसपास. एका सर्व्हे नंबरच्या फेरमोजणीत दोन टक्के फरक निघाला की आमच्याकडे दोन भाऊ कोर्टात जातात, तेव्हा हा आकडा लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण हे अख्खं बेट आहे, तेही मध्यभागी जंगलानं गच्च भरलेलं. उपग्रहचित्रावर ल मोर्नच्या टोकापासून उत्तरेच्या काप मालरूपर्यंत सरळ अंतर काढलं तर एकसष्ट-बासष्ट किलोमीटर येतं. लांबी बरोबर बसली.

घेराचा आकडा पाहून मात्र जपून राहिलो. आजच्या पुस्तकांत मॉरिशसची किनारपट्टी १७७ किलोमीटर देतात, लाकायचा हिशेब १७६.७. जुळणं सुंदर आहे, पण किनाऱ्याची लांबी मोजपट्टीवर ठरते. आमच्या खाडीचा काठ साखळीनं मोजा, मग हाताच्या वितीनं मोजा, दुसरा आकडा कितीतरी मोठा येईल. म्हणून या जुळण्यावर मी भार टाकणार नाही. लांबी, रुंदी आणि क्षेत्र यांच्यावर टाकतो.

प्रमाण ठरवलं: १ : ५०,०००. बेट कागदावर १२४ सेंटिमीटर लांब आणि ८६ सेंटिमीटर रुंद येईल. वर्गाच्या शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे.

१२ जून

पाऊस लागला. दिवसभर घरात, म्हणून बाईंना पाठवायला एक टिपण लिहिलं: एवढ्या कमी वेळात एवढं बेट कसं मोजलं?

उत्तर त्रिकोणात आहे. सपाट जागी एक रेषा जीव ओतून मोजायची. ती पायारेषा. मग तिच्या दोन्ही टोकांवरून एखादं शिखर बघायचं आणि दोन कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्या शिखरापर्यंतची अंतरं साखळी न ओढता गणितानं निघतात. आता ती अंतरंच नव्या पायारेषा. त्यांच्यावर पुढचं शिखर. असं करत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. शक्य असेल तिथे तिन्ही कोपऱ्यांवर स्वतः जाऊन तिन्ही कोन मोजायचे. बेरीज १८० अंशांच्या जवळ आली नाही तर डोंगर पुन्हा चढायचा.

मॉरिशस या कामासाठी जणू घडवलेलंच आहे. एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीच्या कडेचे अवशेष म्हणजे तिथले डोंगर. मध्ये पठार, भोवती सुळक्यांचं तुटक कडं: ल पूस, पिएतर बोत, रिव्येर न्वारची रांग, नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न. उंची फार नाही, सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. पण आकार असे वेगवेगळे की एकदा पाहिलेला सुळका दुसऱ्या बाजूनंही ओळखू येतो, आणि मोजणीदाराला हवं असतं ते हेच. त्रास ढगांचा. पठारावर ते सारखे येऊन बसतात. ढग उठायची वाट बघत डोंगरमाथ्यावर थांबणं काय असतं ते मी आंबोलीत भोगलंय.

लाकायला हे काम नवं नव्हतं. तरुणपणी त्यानं फ्रान्सचा पश्चिम किनारा मोजला होता आणि पॅरिसवरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण मध्यान्हरेषेच्या फेरमोजणीत कासिनी या खगोलशास्त्रज्ञाबरोबर राबला होता.

१९ जून

आज माझ्या हातून चूक झाली, तीही शिकाऊ मुलाची. अक्षांश-रेखांशांचं जाळं आखायला घेतलं. जुन्या फ्रेंच हिशेबात पोर्ट लुई पूर्वेला ५५ अंशांच्या थोडं पुढे. मी ते आकडे तसेच संगणकावर आजच्या नकाशात घातले आणि बेट उघड्या समुद्रात, रेयुनियों बेटाच्या उत्तरेला जाऊन पडलं. मूळ जागेपासून सुमारे २४४ किलोमीटर पश्चिमेला.

कारण साधं. त्या काळी फ्रेंच लोक रेखांश पॅरिसपासून मोजत. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं. तेवढे मिळवले आणि बेट जागेवर आलं.

मराठी नकाशावर दोन्ही रेखांश दाखवणार. वरच्या कडेला पॅरिसपासून, खालच्या कडेला ग्रिनिचपासून. शून्य कुठे मानायचं हे माणसं ठरवतात, हे मुलांना बोट ठेवून दाखवता येईल.

३ जुलै

कागद फुगला.

आठ दिवस संततधार. तीन शीट जोडून ताणून ठेवल्या होत्या. पंधरवड्यापूर्वी आखलेली एक मीटरची रेषा आज मोजली तर तीन मिलिमीटर जास्त. या प्रमाणात तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १५० मीटर. आडव्या रेषेतली वाढ आणखी वेगळी, कारण कागदाचे तंतू एका दिशेला कमी ताणतात, दुसऱ्या दिशेला जास्त.

यामुळे एक गोष्ट लक्षात आली. तांब्याच्या पत्र्यावरून नकाशा छापताना कागद आधी ओला करत, तरच तो खाचांतली शाई उचले. वाळला की आकसे. म्हणजे १७६३ चा प्रत्येक छापील कागद पत्र्यावरच्या मूळ रेघांपेक्षा किंचित लहान. मी गेले महिनाभर स्कॅनवर पट्टी लावून अंतरं घेत होतो. ती टाकून दिली. आता नकाशावरच छापलेल्या त्वाजांच्या पट्टीशी तुलना करून घेतोय. कागद आकसला तर पट्टीही त्याच्याबरोबर आकसते.

सगळं पुन्हा. या वेळी आधी मांजरपाटावर मैद्याच्या खळीनं शीट चिकटवल्या, खळीत चिमूट मोरचूद. आमच्या कचेरीतले जुने गाव नकाशे असेच कापडावर चढवलेले असत, म्हणून तर तीन-तीन पिढ्या टिकले.

९ जुलै

बाह्यरेषा पूर्ण. आता नावं. बाईंशी फोनवर दोन तास.

मी फ्रेंच उच्चार पुस्तकातून काढले होते. त्या म्हणाल्या, “काका, आमच्या मुलांना ते परके वाटतील. घरी सगळे क्रिओल बोलतात. आम्ही ‘लारिव्ये न्वार’ म्हणतो.” क्रिओल म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली. ठरलं: मोठ्या अक्षरांत मूळ नकाशावरचं नाव, बेटावर ऐकू येतं तसं, खाली बारीक अक्षरांत मराठी अर्थ, जिथे खात्री आहे तिथेच.

काही नावं लिहिताना हात थांबला.

पाम्प्लमूस. जुन्या फ्रेंचमध्ये पपनस. दोन्ही शब्द एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून पाहिले, कानाला एकाच घरातले लागतात.

क्वां द मीर. उत्तरेच्या समुद्रातलं पाचरीसारखं बेट. तोफेचं तोंड वर-खाली करायला तिच्या बुडाखाली जी पाचर सारत, तिचं हे नाव.

ल पूस, म्हणजे अंगठा. सुळका तसाच दिसतो.

पिएतर बोत. हा पूर्वेकडल्या डच मुलखाचा पहिला गव्हर्नर-जनरल. १६१५ मध्ये मायदेशी परतताना याच बेटाच्या किनाऱ्यावर जहाज फुटून बुडाला. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले, फ्रेंचांनी १७१५ मध्ये ताब्यात घेतलं, नाव बदललं, पण डोंगरावरचं डच नाव राहू दिलं.

ईल रोंद आणि ईल ओ सेर्पां, गोल बेट आणि सापांचं बेट. साप आहेत ते गोल बेटावर, आणि गोल आहे ते सापांचं बेट. नकाशावर एकदा चढलेलं नाव उतरत नाही, हे मी सात-बाराच्या उताऱ्यांवर पुष्कळ पाहिलंय. आहे तसं लिहिलं.

ग्री-ग्री. दक्षिण टोकाचा कडा. इथे प्रवाळाचं कुंपण तुटतं आणि समुद्र थेट खडकावर येऊन आदळतो. लाकायच्या कुत्र्याचं नाव ग्रीग्री होतं आणि त्यावरून कड्याला नाव पडलं, असं तिथे सांगतात. बाई म्हणाल्या, दर वर्षी सहलीला मुलांना तिथे नेतो, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कुत्रा नकाशावर काढू का, विचारलं. काढा म्हणाल्या. काढला, शेपूट वर असलेला.

आणि वाक्वा. केवड्याच्या जातीचं झाड. त्याच्या पानांच्या पिशव्या विणतात. बाईंच्या गावाचं नाव केवड्यावरून आलंय म्हटल्यावर फोनवर क्षणभर काहीच ऐकू आलं नाही.

१७ जुलै

ही नोंद नकाशाच्या कामाची नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

केपला असताना लाकायनं आणखी एक मोठं काम केलं होतं: उत्तर-दक्षिण रेषेवर एक अंश अक्षांशाची जमिनीवर लांबी मोजणं. उत्तर गोलार्धात अशी मोजणी झाली होती, विषुववृत्ताच्या इतक्या दक्षिणेला ती पहिलीच. उत्तर विचित्र आलं. त्यावरून पृथ्वीचा दक्षिण अर्धा भाग उत्तरेपेक्षा वेगळ्या घडणीचा ठरत होता. लाकायनं गणित तपासलं, चूक सापडली नाही. आकडा तसाच प्रसिद्ध केला.

पुढे १८२० च्या सुमारास भारतातल्या मोठ्या त्रिकोणमापनातला एक अधिकारी आजारपणामुळे केपला हवापालटाला गेला. जॉर्ज एव्हरेस्ट. त्यानं लाकायच्या जागा स्वतः फिरून पाहिल्या आणि कारण सुचवलं. चूक ओळंब्याची होती. रेषेच्या दोन्ही टोकांजवळ डोंगर, त्यांच्या वस्तुमानानं ओळंबा किंचित आपल्याकडे ओढला. ओळंबा सरळ नाही म्हणजे ‘डोक्यावरचा बिंदू’ चुकला, म्हणजे ताऱ्यांवरून काढलेला अक्षांश चुकला. १८४० च्या दशकात केपच्या वेधशाळेतल्या थॉमस मॅक्लिअर यांनी तीच रेषा लांबवून पुन्हा मोजली आणि एव्हरेस्टचं म्हणणं खरं ठरलं.

एव्हरेस्ट परत आला आणि १८२३ मध्ये त्यानं त्रिकोणमापनाची सूत्रं हाती घेतली, कारण त्याचे वरिष्ठ विल्यम लँबटन त्या जानेवारीत वारले होते. कुठे? आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. कामावर असतानाच. त्यांची कबर तिथेच आहे. नोकरीत असताना एकदा तिच्यापुढे मी टोपी काढून उभा राहिलो होतो. लाकायचं नाव तेव्हा ऐकलंही नव्हतं.

लाकायनं न पटणारा आकडा दडपला नाही, त्याला पॉलिश केलं नाही. तो तसाच ठेवला म्हणून सत्तर वर्षांनी कुणाला तरी त्यातून डोंगराच्या ओढीचा पुरावा मिळाला. त्याच माणसानं त्यानंतरच्या वर्षी मॉरिशस मोजलं. ज्या नकाशाची मी नक्कल करतोय, त्यावरच्या रेघेवर माझा भरवसा बसला तो इथे.

३० जुलै

रंगकाम सुरू. डोंगर जुन्या पद्धतीनं बारीक रेघांनी छटा देऊन. डोळे दुखतात, रोज तासाभरापेक्षा जास्त होत नाही.

काम करताना एकच विचार डोक्यात. मोजणी एकटा माणूस करत नाही. माझ्याबरोबर साखळी ओढायला दोघं, झेंडी धरायला एक, झुडपं तोडायला एक, आणि गावचा कोतवाल. लाकायच्या काळचं कोन मोजायचं यंत्र खिशात मावणारं नव्हतं. तिपाई, पेट्या, पाणी, तंबू हे सगळं कुणाच्या तरी डोक्यावरून डोंगरमाथ्यावर गेलं.

१७५३ च्या त्या बेटावर अंगमेहनतीचं बहुतेक काम गुलामांकडून करून घेत. मादागास्करहून, मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेली माणसं. हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही काही आणलेली. डिसेंबर १७२३ च्या फर्मानानं तिथे गुलामीला कायद्याची चौकट दिली होती. पळून गेलेल्याला कान कापणं, डाग देणं या शिक्षा त्यात लिहिलेल्या आहेत.

आणि पळालेले कुठे जात? त्याच डोंगरांत. नैर्ऋत्येचा ल मोर्न ५५६ मीटर उंच, सरळ तुटलेले कडे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला त्याच्या माथ्यावर आणि गुहांत पळालेली माणसं वस्ती करून राहिली. २००८ पासून तो जागतिक वारशात आहे. मोजणीदाराच्या दृष्टीनं ल मोर्न म्हणजे दुरून दिसणारी उत्तम निशाणी. वर राहणाऱ्याच्या दृष्टीनं तोच डोंगर म्हणजे खालून कोण येतंय ते दिसणारी जागा.

ल मोर्नच्या छटेला मी बाकी डोंगरांपेक्षा दुप्पट वेळ दिला.

१४ ऑगस्ट

बाईंनी विचारलं, “काका, आमची गावं कुठे दाखवणार?”

अडचण खरी आहे. १७६३ च्या कागदावर माएबूर नाही, ते १८०५ च्या सुमारास वसलं. सुइयाक नाही, ज्या गव्हर्नराचं नाव त्याला मिळालं तो अजून बेटावर आलाच नव्हता. कात्र बोर्न नाही. कात्र बोर्न म्हणजे चार हद्दीचे दगड, चार ऊसमळ्यांच्या हद्दी जिथे मिळत तिथलं गाव. हे नाव ऐकून मी खुर्चीतून उठलो. चौहद्दीच्या दगडावरून शहराचं नाव! आमच्या खात्यात याहून मोठा मान कुठल्या दगडाला मिळाला नसेल.

आणि आपली माणसं तर नाहीतच. १८१० च्या डिसेंबरात बेट इंग्रजांकडे गेलं, १८३५ मध्ये गुलामी बंद झाली, आणि उसाला हात हवे म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख. बिहारकडचे सर्वांत जास्त, त्यांच्या तोंडी बेटाचं नाव ‘मिरिच’. मुंबई बंदरातून गेले त्यांत कोकणातले, देशावरचे मराठी. पोर्ट लुईला जिथे ते उतरत तो धक्का आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपलेला आहे. पुढे ते वाक्वा, कास्कावेल, रिव्येर न्वारच्या बाजूला स्थिरावले. गणेश चतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि आपली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावानं नाचतात.

एकदा वाटलं, ही गावं लाल शाईनं भरावी. मग स्वतःलाच अडवलं. जुन्या टिपणावर नव्या नोंदी चढवायच्या नसतात. फेरफार वेगळ्या कागदावर लिहितात. म्हणून तेवढ्याच मापाचा एक पारदर्शक ट्रेसिंग कागद करणार. त्यावर १७६३ नंतरची गावं, आप्रवासी घाट, बाईंची शाळा. वरच्या कडेला दोन अडकवण्या. खाली सोडला की दोन्ही काळ एकावर एक, वर उचलला की फक्त लाकायचं बेट. बाईंना पटलं.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. टेबल मखरासाठी द्यावं लागलं. नकाशा गुंडाळून माळ्यावर, गौरी जाईपर्यंत काम बंद.

५ सप्टेंबर

मखर निघालं, टेबल मिळालं. कागद सपाट, पट्टी तपासली, मीटरला अर्धा मिलिमीटर वाढ. चालेल. बाईंनी त्यांच्या गणपतीचे फोटो पाठवलेत. मागच्या डोंगराचा आकार बघून तो कुठला ते मी ओळखलं, तीन महिने हेच काढतोय.

आता एकच काम उरलंय, तेच मी टाळत होतो: शीर्षचौकट. कर्ता म्हणून कुणाचं नाव लिहायचं?

बेलँचं? कागद त्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आला. लाकायचं? मोजणी त्याची. केपपर्यंत लाकाय ज्या जहाजानं आला, त्याचा कप्तान दाप्रे द मानव्हिलेत हा स्वतः नामांकित नकाशाकार, आणि या बेटाच्या सागरी नकाशांवर त्याचाही हात आहे. आणि ओझी वाहणारे?

आमच्या मोजणीच्या कागदावर एक रकाना असतो. मोजणीदार सही करतो, पण त्याच्याखाली हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावे लागतात: लगतधारक, पंच, गावचे. त्यांच्याशिवाय मोजणी पुरी धरत नाहीत. चौतीस वर्षं मी ते अंगठे घेतले, पॅड पुढे सरकवत. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, पण अंगठा टेकवण्याआधी आपला बांध कुठे आलाय ते बोटानं दाखवायला लावत.

तशीच चौकट काढायची.

११ सप्टेंबर

शाई वाळली. चौकटीत असं लिहिलंय:

ईल द फ्रान्स बेट
मोजणी: निकोला-लुई द लाकाय, १७५३
छापील नकाशा: झाक-निकोला बेलँ, पॅरिस, १७६३
मराठी नक्कल: २०२५
हजर:

‘हजर’च्या पुढे आणि खाली सहा ओळी आखल्यात. कोऱ्या. भोवती बेलँच्या चौकटीतल्या वेली नाहीत, केवड्याची पानं काढली.

बाईंना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, ओळी कोऱ्या का? कारण सांगितलं. थोड्या वेळानं त्यांचा निरोप आला: वर्गात एक मुलगा आहे, आईकडून मराठी, वडिलांकडून क्रिओल, वडिलांची माणसं ल मोर्नच्या पायथ्याच्या गावातली. तो अंगठा उमटवू का विचारतोय.

उमटवू द्या, म्हणून कळवलं. शाईचं पॅड गुंडाळीबरोबर पाठवतोय, जांभळं, कचेरीत वापरत होतो तसलंच.

१५ सप्टेंबर

नकाशा आणि ट्रेसिंग वेगवेगळे गुंडाळले, मध्ये मलमल, चार इंची पीव्हीसी पाइपमध्ये घालून दोन्ही तोंडं बंद केली. आत सिलिकाच्या पुड्या. वजन पावणेचार किलो. उद्या सकाळी पोस्टात.